अपडेट मारला, एरर नाही, तरी डेटा जुनाच

डेटाबेसच्या सपोर्टला बसलेल्या माणसाला ही तक्रार पाठ असते: "क्वेरी रन झाली, सक्सेसफुल आलं, पण रेकॉर्ड बदललंच नाही." तिची भावंडंही ठरलेली आहेत. "एकच रेकॉर्ड बदलायचं होतं, सगळं टेबल बदललं" ही एक, आणि "मघापासून नुसती फिरतेय" ही दुसरी. तिन्हींना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: आकडा किती आला? त्यावर बहुतेक वेळा शांतता पसरते, कारण आकडा कुणी बघितलेलाच नसतो.

अपडेट, म्हणजे रेकॉर्ड बदलणारी क्वेरी, संपला की किती रो (टेबलातल्या ओळी, म्हणजे रेकॉर्ड) बदलल्या याचा आकडा डेटाबेस देतो. पोस्टग्रेस ‘अपडेट १’ असं छापतो, एसक्यूएल सर्व्हर ‘१ रो अफेक्टेड’ म्हणतो. मायएसक्यूएलचा क्लायंट दोन आकडे देतो, किती रो जुळल्या आणि त्यातल्या किती खरोखर बदलल्या. हिरवी खूण आली याचा अर्थ वाक्य डेटाबेसला समजलं आणि त्याने ते पाळलं, एवढाच. एकही रो जुळली नाही तरी डेटाबेसच्या लेखी काही चुकलेलं नसतं. त्यामुळे पुढची सगळी शोधाशोध त्या आकड्यावरून करायची.

उदाहरणासाठी एका पतसंस्थेचं ‘सभासद’ टेबल घेऊ. त्यात सभासद_क्रमांक, नाव, गाव, मोबाइल, स्थिती, स्थिती_कोड आणि शिल्लक असे कॉलम आहेत. क्वेऱ्या इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, एडिटरमध्ये कीवर्ड नेहमीसारखे इंग्रजीतच टाइप करा.

## आकडा शून्य आला

अपडेटचं व्हेअर (कुठल्या रो बदलायच्या ती अट) जसंच्या तसं उचला आणि सिलेक्टला, म्हणजे रो नुसत्या दाखवणाऱ्या क्वेरीला, लावा. त्याच विंडोत, त्याच लॉगिनने. दुसऱ्या विंडोत किंवा ॲडमिनच्या लॉगिनने तपासलंत तर उत्तर वेगळं येऊ शकतं आणि तासभर भलतीकडे जातो. सिलेक्टलाही शून्य आलं तर घोळ अटीत आहे. सिलेक्टला रो मिळतात आणि अपडेटला मिळत नाहीत, तर प्रकरण वेगळं, त्याकडे नंतर येऊ.

त्याआधी मायएसक्यूएलचा फसवा शून्य बाजूला काढू. रो सापडली, पण नवी किंमत आणि जुनी किंमत एकच असेल तर मायएसक्यूएल ‘जुळल्या १, बदलल्या ०’ असं सांगतो. पीएचपीतून बघितलं तर हातात तो दुसरा आकडा, म्हणजे शून्य, येतो. मग कोड समजतो की रेकॉर्डच नाही, आणि नवं रेकॉर्ड टाकून मोकळा होतो. डुप्लिकेट सभासद असे जन्माला येतात. जावाचा ड्रायव्हर मुळात जुळलेल्या रोंचा आकडा देतो, म्हणून एकाच डेटाबेसवर जावाचं ॲप नीट चालतं आणि पीएचपीचं घोळ घालतं. पीएचपीत पीडीओ (डेटाबेसशी जोडणारी सोय) वापरत असाल तर कनेक्शन उघडतानाच ‘फाउंड रोज’चा पर्याय चालू करता येतो. पोस्टग्रेसमध्ये हा प्रश्न नाही. किंमत तीच असली तरी तो रो नव्याने लिहितो आणि १ मोजतो.

अटीतला सगळ्यात जुना खड्डा म्हणजे नल, म्हणजेच किंमतच न भरलेली जागा. ‘व्हेअर गाव = नल’ कधीच खरं होत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. उलटी बाजू मात्र निसटते. ‘व्हेअर स्थिती <> 'बंद'’ लिहिलं की ज्यांची स्थिती भरलेलीच नाही ते सभासद वगळले जातात. बंद नसलेले सगळे आले असं आपण समजतो, आणि नेमके जुने, अर्धवट भरलेले रेकॉर्ड मागे राहतात. पोस्टग्रेसमध्ये ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरा, इतरत्र ‘ऑर स्थिती इज नल’ सरळ जोडा. ‘नॉट इन’ तर याहून वाईट. आतल्या सिलेक्टमधून एक जरी नल बाहेर आला तरी पूर्ण अपडेटला शून्य रो मिळतात. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’च लिहावं. ओरॅकलवाल्यांसाठी आणखी एक: तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, त्यामुळे ‘गाव = ''’ ही अट कधीच जुळणार नाही.

आता मराठी डेटाचं खास दुखणं, ज्यावर इंग्रजी मदतपानांत फारसं काही सापडत नाही. ही क्वेरी बघा:

```
अपडेट सभासद सेट गाव = 'कराड' व्हेअर गाव = 'कऱ्हाड';
```

टेबलात ‘कऱ्हाड’ डोळ्यांना दिसतंय, तिथूनच नाव वाचून टाइप केलंय, आणि आकडा शून्य. कारण हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कुठला कीबोर्ड कुठली तऱ्हा वापरतो यावर सगळं ठरतं. शाखेतल्या संगणकावर एक, मोबाइल ॲपमध्ये दुसरी, आणि एक्सेलमधून आलेल्या यादीत दोन्हींची भेसळ.

ओळखायचं कसं? लांबी मोजा. पहिल्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘कऱ्हाड’ची लांबी ६ कॅरॅक्टर आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्याची ७ कॅरॅक्टर आणि २१ बाइट. मायएसक्यूएलमध्ये ‘हेक्स’ फंक्शन लावून बघितलंत तर जॉइनर ‘ई२ ८० ८डी’ असा उघडा पडतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं) करून हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. नॉर्मलायझेशन या दोन तऱ्हा एकत्र आणत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. "जॉइनर दिसत नाही ना, मग रिप्लेस करून उडवून टाका" असा सल्ला हमखास मिळतो. तसं केलं की ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ होतं आणि ‘गोऱ्हे बुद्रुक’चं ‘गोर्हे बुद्रुक’. अर्धा र जाऊन रफार येतो, आणि पावतीवर ते छापून आल्यावर सभासद काउंटरला येतो. जॉइनर एकटा काढायचा नाही, तिन्ही चिन्हं मिळून बदलायची. पोस्टग्रेसमध्ये असं:

```
अपडेट सभासद
सेट गाव = रिप्लेस(गाव,
    सीएचआर(२३५२) || सीएचआर(२३८१) || सीएचआर(८२०५),
    सीएचआर(२३५३) || सीएचआर(२३८१))
व्हेअर गाव लाइक '%' || सीएचआर(२३५२) || सीएचआर(२३८१) || सीएचआर(८२०५) || '%';
```

२३५२ म्हणजे र, २३८१ हलन्त, ८२०५ जॉइनर आणि २३५३ म्हणजे ऱ. हीच गोष्ट ‘ॲ’ची. तो एकसंध अक्षर म्हणून २४१८ आहे, आणि अ वर चंद्र देऊनही लिहिला जातो. नावामागे ‘ॲड.’ लावलेले वकील सभासद शोधताना हा प्रकार समोर येतो. डेटा दुरुस्त करून थांबू नका. माहिती आत येते त्या फॉर्मवर आणि इम्पोर्टवर हाच बदल लावा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

एक गोष्ट गोंधळ वाढवते. दोन स्ट्रिंग सारख्या की वेगळ्या, हे कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना करायचे नियम, ठरवतं. मायएसक्यूएलच्या काही कोलेशनमध्ये जॉइनर हिशेबातच धरला जात नाही, बायनरी कोलेशनमध्ये प्रत्येक बाइट धरला जातो, आणि पोस्टग्रेस साध्या मांडणीत बाइट बघूनच सारखेपणा ठरवतो. शेवटच्या स्पेसचंही तसंच. मायएसक्यूएलची जुनी कोलेशन मागची स्पेस सोडून देत, ८.० पासूनचं डीफॉल्ट कोलेशन ती मोजतं. त्यामुळे अपग्रेडनंतर टेबलं नव्या कोलेशनवर नेली की वर्षानुवर्षं चालणारी क्वेरी शून्य देऊ लागते, आणि दोष येतो सर्व्हर हलवणाऱ्याच्या माथी. वेबपानावरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या नावात नॉन-ब्रेकिंग स्पेस असते, हेक्समध्ये ‘सी२ ए०’. साधा ट्रिम तिला हात लावत नाही.

एसक्यूएल सर्व्हरवर असाल तर हे सगळं तपासण्याआधी अवतरणचिन्हाच्या अलीकडे ‘एन’ लावलाय का ते बघा. एन नसेल तर 'कराड' हा मजकूर आधी डेटाबेसच्या कोड पेजमध्ये (त्याच्या अक्षरसंचात) नेला जातो, तिथे देवनागरी नसते, आणि अटीत उरतं '????'. यूटीएफ-८ कोलेशन असेल तर गोष्ट वेगळी, पण ते २०१९ च्या आवृत्तीत आलं. व्हेअरमध्ये असं झालं तर शून्य रो, म्हणजे थोडक्यात निभावलं. सेटमध्ये झालं तर गावाच्या जागी चार प्रश्नचिन्हं साठवली जातात, आणि त्यांतून मूळ नाव परत काढता येत नाही. आणि आधीच कुणीतरी असं करून ठेवलेलं असेल तर एन नसलेली अट नेमकी त्या सगळ्या चार प्रश्नचिन्हवाल्यांना जुळते, मग ते कराडचे असोत की पाटणचे.

तारखांचं थोडक्यात. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळ असेल तर ‘व्यवहार_वेळ = '२०२५-०३-३१'’ ही अट फक्त मध्यरात्री बरोब्बर बाराला झालेल्या व्यवहारांना लागते. ‘बिट्वीन’ने मार्च महिना घेतला तर ३१ तारखेचा दिवसभराचा धंदा बाहेर राहतो. १ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आत, अशी अट लिहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुना ‘डेटटाइम’ प्रकार आणि लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल तर '२०२५-०४-०३' ही तारीख ४ मार्च धरली जाते. डॅश न देता '२०२५०४०३' लिहिलं की वाद मिटतो.

आता राहिलेलं प्रकरण: सिलेक्टला रो मिळतात, अपडेटला शून्य. पोस्टग्रेसमध्ये दोन जागा बघा. टेबलावर ‘बिफोर अपडेट’ ट्रिगर (बदलाआधी आपोआप चालणारा कोड) असेल आणि त्याच्या फंक्शनने नल परत दिला, तर ती रो चुपचाप वगळली जाते, एरर येत नाही. फंक्शनने ‘ओल्ड’ परत दिला तर आणखी मजा: आकडा १ येतो आणि किंमत जुनीच राहते. दुसरी जागा म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी, कुणाला कुठल्या रो दिसाव्यात आणि बदलता याव्यात याच्या पॉलिसी. सिलेक्टची पॉलिसी रो दाखवते, अपडेटची पॉलिसी लिहिलेलीच नाही, मग अपडेटला काही मिळत नाही. टेबलाच्या मालकाला या पॉलिसी साधारणपणे लागू होत नाहीत. "माझ्याकडे तर चालतंय" हे डीबीएचं (डेटाबेस सांभाळणाऱ्याचं) म्हणणं इथूनच येतं, आणि ते खरंच असतं. ॲपच्या लॉगिनने चालवून बघितल्याशिवाय काही कळत नाही.

## आकडा बरोबर आला, पण दुसरीकडे जुनंच दिसतं

कमिट, म्हणजे बदल पक्का करायची आज्ञा. दहांतल्या नऊंचं उत्तर इथेच संपतं असं म्हणायला हरकत नाही. पायथनच्या डेटाबेस ड्रायव्हरांसाठी जो करार आहे, पेप २४९, त्यात ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप पक्का होणं) सुरुवातीला बंद असावा असं लिहिलेलं आहे. स्क्रिप्ट ‘१ रो’ छापते, संपते, कनेक्शन बंद होतं आणि बदल विरतो. डीबीव्हरसारख्या टूलमध्ये कधी मॅन्युअल कमिट मोड चालू राहिलेला असतो आणि लक्षात येत नाही. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्येही ऑटोकमिट मुळात बंदच.

कमिट केलं म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायचा: कमिटला उत्तर काय आलं? पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधलं (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या वाक्यांच्या गटातलं) एखादं वाक्य फसलं की पूर्ण ट्रान्झॅक्शन बाद होतं. त्यानंतर कमिट टाइप केलं तर पीएसक्यूएल, म्हणजे त्याचा कमांड लाइन क्लायंट, उत्तरात ‘रोलबॅक’ (बदल रद्द) असं छापतो. लाल रंग नाही, एरर नाही, नुसता तो एक शब्द. लांबलचक स्क्रिप्टच्या शेवटी तो कुणी वाचत नाही.

कमिट खरंच झालं असेल तर बघणाऱ्याची बाजू तपासा. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन मुळात रिपीटेबल रीडवर चालतं. समोरच्याने सकाळी ट्रान्झॅक्शन उघडून एक सिलेक्ट मारला असेल आणि ते अजून बंद केलं नसेल, तर त्याला दिवसभर सकाळचाच डेटा दिसेल. त्याला त्याच्या सेशनमध्ये कमिट किंवा रोलबॅक करायला सांगा. तेही नसेल तर रिपोर्ट रेप्लिकावरून (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवरून) येतोय का, टेस्टच्या डेटाबेसवर तर अपडेट मारला नाही ना, आणि पोस्टग्रेसमध्ये सर्च पाथमुळे (टेबल शोधायच्या क्रमामुळे) भलत्याच स्कीमातलं (टेबलांच्या गटातलं) त्याच नावाचं टेबल तर बदललं नाही ना, हे बघून घ्या. डेटाबेसचं नाव आणि सर्व्हर विचारणारी एक ओळीची क्वेरी दोन्ही ठिकाणी चालवली की हे मिनिटभरात कळतं.

## नुसती फिरतेय

फिरणारी अपडेट क्वेरी दोनपैकी एक काम करत असते: खरंच काम करतेय, किंवा दुसऱ्याने रोवर लावलेलं लॉक, म्हणजे अडकवून ठेवलेली कडी, सुटायची वाट बघतेय. आधी हे ठरवा. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ बघा आणि ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ला आपल्या प्रोसेसचा नंबर द्या. मायएसक्यूएलमध्ये सिस स्कीमातला ‘इनोडीबी_लॉक_वेट्स’ व्ह्यू आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_हू२’ चालवा, त्यात कोण कुणाला अडवतंय त्याचा कॉलम असतो.

अडवणारा बहुतेक वेळा काहीच करत नसतो. त्याची स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसते: कुणीतरी बिगिन लिहून अपडेट मारला, कमिट राहिलं, आणि माणूस जेवायला गेला. पोस्टग्रेस अशा वेळी आपल्याला कितीही वेळ ताटकळत ठेवतो, कारण लॉक टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो. सेशनला दोन-पाच सेकंदांचा लॉक टाइमआउट देऊनच प्रॉडक्शनवर हात घालावा. मायएसक्यूएल ५० सेकंद थांबून १२०५ क्रमांकाची एरर देतो. ती आली की पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे गेलं असं बरेच जण धरतात. डीफॉल्ट मांडणीत फक्त ते एक वाक्य मागे जातं, आधीचे बदल आणि त्यांची लॉकं तशीच राहतात. तिथे कमिट केलं तर अर्धंच काम पक्कं होतं. गंमत म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमध्येही १२०५ आहे, पण तिथे तो डेडलॉकचा (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडकून बसल्याचा) नंबर. मायएसक्यूएलचा डेडलॉक १२१३. नंबर गूगल करताना डेटाबेसचं नाव सोबत लिहिलं नाही तर भलताच उपाय हाती येतो.

एका रेकॉर्डच्या अपडेटने सगळं टेबल कसं अडतं, त्याचं नेहमीचं उदाहरण मोबाइल नंबरचं. कॉलम व्हारचार (मजकुराचा) आहे, क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिला. मायएसक्यूएल तक्रार करत नाही. तो प्रत्येक रोमधला मजकूर आकड्यात बदलून तुलना करतो, त्यामुळे मोबाइलवरचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) निकामी होतो आणि टेबल पहिल्या रोपासून शेवटच्या रोपर्यंत वाचावं लागतं. रिपीटेबल रीडमध्ये इनोडीबी वाचलेल्या प्रत्येक रोला लॉक लावतो. परिणाम असा की काउंटर क्रमांक एकवर कुणीतरी एका सभासदाचा मोबाइल बदलला आणि बाकी सगळ्या काउंटरांवर चक्र फिरतंय. दोन अवतरणचिन्हं टाकली की प्रश्न संपतो. पोस्टग्रेस अशी तुलना करायलाच नकार देतो. तेव्हा तो आडमुठा वाटतो, पण वागणं त्याचंच बरोबर आहे.

इंडेक्स वापरला जातोय का हे बघायला एक्सप्लेन, म्हणजे क्वेरीचा प्लॅन दाखवणारी आज्ञा, लावा. फक्त ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ लिहिताना जपून. पोस्टग्रेसमध्ये तो प्लॅन दाखवण्यासाठी अपडेट खरोखर चालवतो. बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये ठेवल्याशिवाय तो लावू नका.

डेडलॉक वारंवार येत असेल तर दोन प्रोग्रॅम त्याच रो उलटसुलट क्रमाने बदलत असतात. दोघांनाही सभासद_क्रमांकाच्या चढत्या क्रमाने जायला लावा. लाखो रो बदलायच्या असतील तर क्रमांकाचे टप्पे पाडून बदला आणि प्रत्येक टप्प्याला कमिट करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका वाक्याची लॉकं सुमारे ५००० वर गेली की तो पूर्ण टेबलाचं लॉक घ्यायला बघतो, त्यामुळे टप्पा त्याच्या खालीच ठेवा.

## भलतंच बदललं

व्हेअर विसरणं हा यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मायएसक्यूएल वर्कबेंच त्यासाठीच ११७५ ही एरर देतो, आणि कमांड लाइनवर तीच सोय चालू करणाऱ्या पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव ‘आय ॲम अ डमी’ आहे. सोय लावून ठेवा, नावाचं वाईट वाटून घेऊ नका. एडिटरमध्ये अर्धीच क्वेरी सिलेक्ट करून एफ-५ दाबणं हाही त्याच घरातला प्रकार. व्हेअर पुढच्या ओळीत असतं आणि ती ओळ निवडलेलीच नसते. म्हणून मी व्हेअर सेटच्याच ओळीत लिहितो, दिसायला कसंही दिसो.

जास्त त्रास देतात त्या क्वेऱ्या ज्यांत व्हेअर आहे आणि वाचायलाही बरोबर वाटतं. ही एक:

```
अपडेट सभासद सेट शिल्लक = ५०० अँड स्थिती_कोड = २
व्हेअर सभासद_क्रमांक = ४५१७;
```

दोन कॉलमांमध्ये स्वल्पविरामाऐवजी ‘अँड’ पडला. मायएसक्यूएल हे ‘शिल्लक = (५०० अँड स्थिती_कोड = २)’ असं वाचतो. कंसातलं खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. सभासदाची शिल्लक एक रुपया किंवा शून्य होते, स्थिती_कोडला हातही लागत नाही, आणि आकडा १ आलेला असतो. कॉलम मजकुराचा असेल तर स्ट्रिक्ट मोडमध्ये १२९२ ही ‘ट्रंकेटेड इनकरेक्ट डबल व्हॅल्यू’ची एरर येते. डबल कुठे वापरलंय म्हणून लोक डोकं धरून बसतात. ती एरर दिसली की आधी सेटमध्ये अँड शोधा.

दुसरी याहून घातक, आणि ती सगळ्याच डेटाबेसमध्ये चालते:

```
अपडेट सभासद सेट स्थिती = 'थकबाकीदार'
व्हेअर सभासद_क्रमांक इन (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम थकीत_कर्ज);
```

थकीत_कर्ज टेबलात सभासद_क्रमांक नावाचा कॉलमच नाही. तिथे त्याचं नाव सभासद_आयडी आहे. एरर यायला हवी होती, येत नाही. आतल्या टेबलात नाव सापडलं नाही म्हणून डेटाबेस बाहेरच्या टेबलात शोधतो, आणि तिथे ते सापडतं. मग प्रत्येक सभासदाचा क्रमांक स्वतःशीच ताडून बघितला जातो. थकीत_कर्जमध्ये एक जरी रो असली तरी सगळे सभासद थकबाकीदार. आतला सिलेक्ट वेगळा चालवून बघितला असता तर लगेच एरर आली असती. सबक्वेरीतल्या प्रत्येक कॉलमाला टेबलाचं टोपणनाव लावा. ‘थ.सभासद_क्रमांक’ लिहिलं असतं तर डेटाबेसने तिथेच अडवलं असतं.

दुसऱ्या टेबलातून किंमत उचलून भरताना आणखी दोन गोष्टी होतात. सेटमध्ये सबक्वेरी आहे आणि बाहेर व्हेअर नाही, तर ज्यांची जोडी सापडत नाही त्या रोंमधली आधीची किंमत पुसून नल होते. ‘एक्झिस्ट्स’ची अट बाहेर लावावीच लागते. आणि जॉइन करून अपडेट करताना पलीकडे एका सभासदाच्या दोन रो असतील, तर पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर त्यातली कुठली तरी एक घेतात. कुठली, ते सांगता येत नाही, आणि आज घेतली तीच उद्या घेतील असंही नाही. ओरॅकल इथे शिस्तीचा: सबक्वेरीतून दोन रो आल्या की ओआरए-०१४२७ देऊन थांबतो. अपडेटच्या आधी पलीकडच्या टेबलावर ग्रुप बाय लावून एकापेक्षा जास्त रो असलेले क्रमांक काढून बघा.

## कमिटच्या आधी आणि नंतर

बिगिन, अपडेट, आकडा, त्याच सेशनमध्ये सिलेक्ट, मग कमिट किंवा रोलबॅक. हा क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण त्यात दोन भोकं आहेत. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये मध्येच एखादा ‘ऑल्टर टेबल’ मारला की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं आणि पुढचा रोलबॅक हवेत जातो. आणि मायएसक्यूएलवरचं जुनं टेबल मायआयसॅम इंजिनवर असेल तर त्याला ट्रान्झॅक्शन माहीतच नाही, रोलबॅक फक्त एक वॉर्निंग देतो.

कमिट होऊन गेल्यावर चूक कळली तर लगेच उलटा अपडेट मारू नका. आधी वेळ लिहून ठेवा आणि त्या टेबलावर लिहिणारा प्रोग्रॅम थांबवा. ओरॅकलमध्ये ‘ॲज ऑफ टाइमस्टँप’ लावून काही मिनिटांपूर्वीचं टेबल बघता येतं, पण अनडू (बदलाआधीच्या किमती) ठेवायची डीफॉल्ट मुदत ९०० सेकंद आहे, म्हणजे चर्चा करत बसायला वेळ नाही. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग (झालेल्या बदलांची नोंदवही) चालू असेल आणि तो रो फॉरमॅटमध्ये असेल, जो ५.७.७ पासून डीफॉल्ट आहे, तर प्रत्येक रोची बदलाआधीची किंमत त्यात असते आणि ‘मायएसक्यूएलबिनलॉग’ने ती वाचता येते. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप आणि लॉग वापरून चुकीच्या क्षणाच्या किंचित आधीपर्यंतचा डेटाबेस दुसऱ्या नावाने, बाजूला उभा करायचा. चालू डेटाबेसवर रिस्टोअर करायचा नाही, नाहीतर नंतरचे सगळे खरे व्यवहार जातील.

बाजूच्या डेटाबेसमधून जुनी किंमत उचलून परत भरताना व्हेअरमध्ये सभासद_क्रमांकाबरोबर आणखी एक अट घाला: आत्ताची किंमत अजूनही ती चुकीचीच असली पाहिजे. मधल्या वेळात काउंटरवरच्या कुणीतरी काही सभासदांच्या नोंदी हाताने दुरुस्त केलेल्या असतात. ही अट नसली की तुमचा दुरुस्तीचा अपडेट त्यांचं काम पुसून टाकतो.